नाव काढणं

ऑर्विल क्लासन कोर्टात उभा राहिला
आणि म्हणाला, ऑर्विल क्लासन इथे नाही.
इथे आहे तो एक जिवंत माणूस, हाडामांसाचा,
ज्याला ऑर्विल म्हणून हाक मारतात.
समन्सवर मोठ्या अक्षरांत छापलंय ते नाव म्हणजे
तो पाळण्यात असताना सरकारनं काढलेली एक कंपनी.
तिचा दंड तिनं भरावा.

पीस नदीच्या उत्तरेला, उणे एकोणतीस.
खटला नंबरप्लेटचा होता:
घरीच पत्रा कापून केलेली, वर ब्रशनं
‘खासगी प्रवासी. भाडोत्री नाही.’

न्यायाधीशबाई चष्मा पुसत राहिल्या.
मग तिथे कोण आहे, त्यांनी विचारलं,
खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

ट्रक जप्त झाला. तो सात किलोमीटर चालत घरी गेला.
त्यात दोन बोटांची टोकं गेली
जिवंत माणसाची.
कंपनीला काही झालं नाही.

(मी ज्या लिपीत हे लिहिते आहे
तिच्यात अक्षरं धाकटी-थोरली नसतात.
त्याचं अर्धं भांडण इथे मांडताच येत नाही.)

एक गोष्ट मात्र त्यानं न भांडता करून टाकली होती.
हेलेना होती तेव्हा, मार्चच्या वादळात,
स्वयंपाकघराच्या फरशीवर मुलगी झाली
आणि त्यानं ती कुठेच नोंदवली नाही.
ना दाखला, ना लशीचं कार्ड, ना शाळेचा पट.
‘हिला कुणाकडे गहाण टाकलेलं नाही,’
असं तो पाहुण्यांना सांगे
जसे लोक मुलांचे मार्क सांगतात.

तिर्झा एकोणीस वर्षांची झाली.
तिला मेंढीचं अडलेलं बाळंतपण येतं, वेल्डिंग येतं,
आणि ती नाही.
बँकेत नाही, दवाखान्यात नाही,
फोन काकूच्या नावावर.
मार्लनशी लग्न करायचं म्हटलं
तर खिडकीतून प्रश्न येतो: कुणाचं?

खिडकीत मॅव्हिस बॉयचुक, तेवीस वर्षं,
शेजारी एक धूळ बसलेला कॅक्टस.
जन्म पाहिलेला कुणी आहे का?
आई गेली. सुईण गेली.
उरला एकच.
त्यानं शपथेवर लिहून द्यायचं, मी, अमुक अमुक,
हिचा बाप, तिथे होतो.
खाली सही. सहीच्या खाली बारीक ओळ:
कृपया नाव मोठ्या अक्षरांतच लिहावे.

तीन आठवडे फॉर्म फ्रीजवर, चुंबकाखाली.
दूध घेताना तो मान फिरवायचा.
रात्री तळघरात फायली चाळल्याचा आवाज:
लाल शाईतले अंगठे, कोपऱ्यात तिरकी चिकटवलेली तिकिटं,
मी संमती देत नाही,
मी संमती देत नाही.

एकदा जिन्यावरून तिनं विचारलं,
बाबा, माझी कुणी घेतली होती?

भट्टी घरघरत राहिली.
उत्तर आलं नाही की समोरच्याला ते मान्य,
हे त्यानंच तिला शिकवलेलं.

गुरुवारी तो आला, शेजाऱ्याच्या गाडीतून.
तुम्हीच ऑर्विल क्लासन?
मागे रांगेत कुणीतरी खोकलं.
‘आज,’ तो म्हणाला. ‘एवढ्यापुरता.’
टोकं नसलेल्या बोटांत पेन नीट बसेना.
त्याच्या नावाचं पहिलं अक्षर नुसतं वर्तुळ असतं,
ते त्यानं दोनदा गिरवलं.

आमच्याकडे म्हणतात, पोरीनं बापाचं नाव काढलं.
हिनं ते काढलं
विहिरीत पडलेलं भांडं गळ टाकून काढावं तसं,
पोचे आलेलं, गाळानं भरलेलं.

फी मात्र भरणार नाही, म्हणाला, तत्त्वाचा प्रश्न आहे.
ती तिर्झानं भरली, रोख,
कारण बँकेत ती अजून नव्हती.